त्रेचाळिसावा नळ

१

बेचाळीस नळ होते. भाजक्या मातीचे, सांध्यात शिरलेला भाग सोडून प्रत्येकी तेहतीस सेंटिमीटर, एका तोंडाला रुंद आणि दुसऱ्याला निमुळते. एकाचं निमुळतं तोंड पुढच्याच्या रुंद तोंडात शिरलेलं, सांध्याला चुना. एकूण लांबी तेरा मीटर शहाऐंशी सेंटिमीटर. पूर्वेच्या टोकाला विहीर, पश्चिमेच्या टोकाला दगडी हौद. विहिरीच्या भिंतीतलं भोक आणि पहिला नळ यांच्यात एका नळाएवढी जागा रिकामी होती. त्र्याण्णवच्या भूकंपात भिंत हलली आणि तिथला नळ चुरा झाला. तो चुरा वेगळ्या पिशवीत भरून ठेवलेला होता.

शनिवारी मोजणी झाली. खणकाम करणारे सटवाजीमामा खड्ड्यात उकिडवे बसून एकेका नळावर तळवा ठेवत पुढं सरकत होते आणि खळ्यावर जोंधळा मापावा तसे ओरडत होते, "लाभ! दोन! तीन!" काठावर बसलेली पुनम ऐकेल तसं वहीत उतरवत होती, चिठ्ठी लिहीत होती आणि नळाला बांधायला खाली देत होती. ऊन उतरायच्या आत संपवायचं होतं. मागून शिवगंगाबाई वहीत डोकावल्या आणि हसल्या. का हसल्या ते विचारायला पुनमला सवड नव्हती. शेवटच्या ओळीत तिनं लिहिलं: एकूण ४२.

पुनम मूळची भोकरकडची, नांदेडला भूशास्त्रात एम.एस्सी. झालेली. हे तिचं पहिलं काम. औशाच्या किल्ल्याजवळ भूकंपात पडलेल्या घरांची एक जागा आठ वर्षं मलब्याखाली होती. लातूरला क्लाससाठी येणाऱ्या पोरांना आता लातूरही पुरेना, म्हणून क्लास चालवणाऱ्या माणिकप्पा सरांनी ती जागा घेऊन तिथं तीनशे मुलांचं वसतिगृह आणि वर्ग बांधायला काढले. पाया खणताना खापरी नळ लागला. मग पुरातत्त्व विभागाकडून शिवगंगाबाई आल्या, एकवीस दिवसांची मुदत घेऊन. त्या एकवीस दिवसांत साडेपाचशे वर्षांपूर्वीची एक पेठ हळूहळू वर आली. दुकानांची जोती, रंगाऱ्याची कुंडी, आणि सगळ्या पेठेला पाणी देणारी ही नळाची ओळ.

आज सोमवार, विसावा दिवस. पाच वाजता विभागाचे साहेब येऊन ओळ पाहणार होते. खरी ठरली तर जागा राहणार, नाहीतर उद्या सकाळी काँक्रीट.

दुपारी दोनला क्लासच्या ऑफिसात बाईंना साहेबांचा फोन आला. त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"पुनम, कुणीतरी साहेबांना फोन केलाय. नाव न सांगता. म्हणे, 'औशाला गेलात की आधी एक नंबरचा नळ बघा. आजकालचा आहे.'"

पुनम धावत खड्ड्यात उतरली. जेवणाच्या सुट्टीआधी, सकाळी अकराला, विहिरीजवळची मोकळी जागा तिनं स्वतः ब्रशनं झाडली होती.

ती जागा आता मोकळी नव्हती. तिथं नळ होता, आणि त्याला त्यांच्याच कागदाची, त्यांच्याच दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं: १.

तिनं विहिरीपासून हौदापर्यंत मोजलं. मग हौदापासून विहिरीपर्यंत मोजलं. दोन्ही वेळा त्रेचाळीस भरले.

२

"चोरी झाली असती तर बरं झालं असतं," शिवगंगाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. त्या उदगीरच्या. चिडल्या की कानडी यायची. "अय्यो, कमी पडलं तर शोधता येतं. हे वाढलेलं कुणाला दाखवायचं?"

"उपटून टाका की ताई," सटवाजीमामा म्हणाले. "मातीतच तर बसवलाय. एका हिसक्यात निघतंय."

"मामा, साहेबांना फोन गेलाय," बाई म्हणाल्या. " काढला तर आपणच लपवला असं होईल. ठेवला तर आपणच बसवला असं होईल."

"ह्ये लई अवघड करून ठिवलं कुणी तरी."

पुनम गुडघ्यावर बसून निरखत होती. आकार तोच, लांबी तीच, माती तशीच. बाकीच्या नळांत मिसळून ठेवला असता तर तिलाही ओळखू आला नसता. वरच्या कडेला मात्र अंगठ्याएवढा एक खळगा होता. तिनं लेव्हल लावून उतार घेतला. तेहतीस सेंटिमीटरला पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास. दोनशेला एक. बाकीच्या ओळीइतकाच.

मग तिनं चिठ्ठ्या पाहिल्या. एकपासून बेचाळीसपर्यंत सगळ्या होत्या. पण नळ त्रेचाळीस, म्हणजे एकाला चिठ्ठी नव्हती. आणि तो नळ नवा नव्हता. तो नव्याला लागून, एक आणि दोनच्या मध्ये, चुन्यात घट्ट बसलेला जुना नळ होता.

"म्हणजे कागदावर उपरा कोण, तर जुना," ती स्वतःशीच म्हणाली. "आणि घरचा कोण, तर नवा."

"अक्षर तुझंच आहे?" बाईंनी विचारलं.

"बाई, एक आकडा. एकच वळण. तो कुणाचाही वाटेल."

"वहीत?"

"वहीत एकूण बेचाळीस. चिठ्ठ्याही बेचाळीस. जुळतंय ना सगळं! जुळतंय तेच वाईट आहे." फोटोंचा रोल लातूरच्या स्टुडिओत होता आणि परवा मिळणार होता. विहिरीजवळच्या शेवटच्या मीटरचा नकाशा आजच काढायचा होता. जागा रिकामी होती याला माणसांच्या तोंडाखेरीज पुरावा नव्हता, आणि ती माणसं खोटी आहेत असं साहेबांना आधीच सांगून झालं होतं.

दम घ्यायला ती विहिरीच्या कठड्याला टेकली. कोनाड्यात सटवाजीमामांनी पहिल्या दिवशी ठेवलेला नारळ होता. विहिरीला नारळ ठेवल्याबिगर मी कुदळ लावत न्हाई, असं म्हणाले होते. बाजूला हळदकुंकवाची पुडी, वाळलेली झेंडूची दोन फुलं, आणि नारळाला टेकवून नीट उभा केलेला 'लाभ' लिहिलेला कागदाचा एक तुकडा. पुनमची नजर त्यावरून सरकली आणि घड्याळावर गेली. अडीच.

"असा नळ औशात कोण करतं, मामा?"

सटवाजीमामांनी जमिनीकडं पाहिलं. "येकच घर हाय ताई. पर त्यो माणूस असलं करायचा न्हाई."

३

जिलानीचाचांची भट्टी कसाब गल्लीच्या मागं होती. कौलं आणि नळ भाजणारं औशातलं शेवटचं घर. प्लास्टिकच्या पाइपांनी नळांचा धंदा संपवला होता. कौलं अजून कुणी कुणी न्यायचं. आत्ताही एक टेम्पो उभा होता आणि चाचा टोपी मागं सरकवून कौलं उचलून देत मोजत होते, "बरकत, दो, तीन, चार..."

पुनमनं सगळं सांगितलं. चाचांच्या हातातलं कौल हातातच राहिलं.

"म्हंजे माझा नळ चोर म्हणून उभा केलाय तिथं?"

"तुमचा आहे का तेच बघायचंय, चाचा."

"गल्लीत ढीग पडलाय चार वर्षांपासनं. कुत्रं बी त्याच्यावर झोपतंय. कुणी एक उचलला तर मला काय कळणार?" त्यांनी टेम्पोवाल्याला हातानं थांबवलं. "चल बेटी. बघू दे."

खड्ड्यात उतरून त्यांनी नळाला हात लावला, आणि हसू यावं की राग यावा हे न कळून तसेच बसून राहिले.

"माझाच हाय. पर हे बसवलंय कुणी? गाढवानं?" त्यांनी वरच्या खळग्यात आपला अंगठा ठेवला. तो साच्यात बसावा तसा बसला. "नळ ओला आसताना आडवा ठेवतो ना आम्ही, तवा खालची बाजू जाड होते. त्या बाजूला कडेवर अंगठा दाबायचा. बसवणाऱ्याला कळावं म्हणून. जाड बाजू खाली, अंगठा खाली. पाणी तळ घासतं, म्हणून. माझ्या बापानं शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. हे बघ, अंगठा आभाळाकडं करून बसवलाय! आणि चुना कुठाय?" मग त्यांनी मान तिरकी करून ओळीवरनं नजर टाकली. "हात कच्चा हाय, बेटी. पर नजर पक्की. ढाल, म्हंजे उतार, बराबर धरलाय."

पुनमनं पर्समधला छोटा आरसा काढला. चिठ्ठी नसलेल्या जुन्या नळाखालची माती सुईनं हलवली आणि आरसा आत सरकवला. आरशात नळाची खालची कड दिसली.

तिथं अंगठा होता.

दुसऱ्या नळाखाली अंगठा. तिसऱ्याखाली अंगठा. बारा नळ तपासेपर्यंत तिच्या कपाळावर घाम आला. सगळीकडं खालच्या कडेला, नेमका मधोमध, अंगठ्याचा खळगा.

मागं शिवगंगाबाई उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे हे सगळेच नळ चाचांच्या घरचे?"

४

चाचा उठून निघून गेले. "माझ्या घराचं नाव खराब करू नका," एवढंच म्हणाले.

सव्वातीन झाले होते. पुनम शेडमध्ये आली. तिथं हरिओम ड्रॉइंग बोर्डवर वाकलेला होता. गणितात बी.एस्सी., नांदेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला, नकाशे काढायला घेतलेला. रेघ अशी ओढायचा की बाईसुद्धा कौतुक करायच्या.

"साहेबांना दाखवायची ड्रॉइंगं तयार आहेत?"

"आहेत की." त्यानं गुंडाळ्या उचलून तिच्या हातात दिल्या. "एक, दोन, तीन, चार, पाच. विहिरीकडचा तुकडा राहिलाय. आता तो काढू का नको? त्रेचाळीस काढू की बेचाळीस?"

"जे आहे ते काढ."

"मग त्रेचाळीस." तो हसला, पण नीट हसला नाही. "पुनम, कशाला एवढं मनाला लावून घेतेस? उद्या काँक्रीट पडलं तर पडलं. औशात अजून शंभर खड्डे निघतील."

"ही ओळ एकच आहे, हरिओम."

"तुझी नोकरी पुढच्या खड्ड्यात आहेच. माझी इथं संपते." त्यानं पेनची निब पुसली. "मला वाटतं माणिकप्पा सरांनीच केलं असेल. त्यांचीच इमारत अडकलीय."

हे तिच्याही मनात होतंच.

माणिकप्पा सरांचा वर्ग शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. फिजिक्स शिकवायचे. शिकवायला लागले की मागच्या बाकावरचं पोरगंही वही उघडायचं, अशी ख्याती. आत्ता ते टेबलावर चाचणी परीक्षेचे गठ्ठे लावत होते.

"या, पुनम मॅडम. मला पकडायला आलात ना? सगळं औसा तेच म्हणतंय. वडापाववाला सुद्धा म्हणाला, सर, नळ कुठनं आणला?"

"मी कुणाला पकडायला आले नाही, सर. विचारायला आलेय. ती जागा सोडावी लागली तर तुमचं काय होईल?"

"वसतिगृह तीन मीटर सरकवावं लागेल. नकाशा बदलेल. सहा महिने जातील." त्यांनी गठ्ठ्यांवर हात ठेवला. "मॅडम, मी ह्याच गावच्या मोंढ्यात वाढलो. माझा बाप तिथं धान्याचा मापारी होता. खोटं माप टाकलं म्हणून मोंढ्यात एका माणसाशी आयुष्यभर बोलला नाही. त्याच्या पोरानं खोटा नळ ठेवला असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या. मी सांगून काय उपयोग? थांबा जरा, एवढं मोजून घेतो, पोरं बाहेर खोळंबलीत." आणि ते गठ्ठे एकावर एक ठेवू लागले. "लाभ... दोन... तीन... चार..."

पुनम दारातच थांबली.

सर मोजत होते आणि तिच्या डोळ्यांसमोर भोकरचं खळं आलं. बाबा पायलीनं जोंधळा ओतायचे आणि पहिल्या मापाला कधी एक म्हणायचे नाहीत. पहिल्या मापाला 'एक' म्हटलं तर एकच राहतं, असं काहीतरी. चौथीत असताना बाईंनी एक ते दहा म्हणायला सांगितलं तेव्हा तिनंही लाभपासून सुरुवात केली होती आणि वर्ग हसला होता.

"सर," ती म्हणाली, "मी एक लिहिलेलाच नाही."

"काय?"

पण ती पळत सुटली होती.

५

वही उघडली. पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, तिच्याच अक्षरात: लाभ. त्याखाली २. त्याखाली ३. सटवाजीमामा ओरडत होते आणि ती ऐकेल तसं लिहीत गेली होती. बाई का हसल्या होत्या ते आता कळलं. एम.एस्सी.ची मुलगी शास्त्रीय नोंदवहीत खळ्याचं माप लिहीत होती.

वहीत एक नंबर नव्हताच. मग 'एक' लिहिलेली चिठ्ठी तिची असूच शकत नव्हती.

आणि तिनं लिहिलेली पहिली चिठ्ठी?

ती विहिरीच्या कोनाड्याजवळ गेली. नारळाला टेकवून ठेवलेला कागद हातात घेतला. वरच्या कोपऱ्यात दोऱ्याचं भोक होतं.

"मामा, ही तुम्ही इथं ठेवली?"

सटवाजीमामांनी डोळे बारीक केले. "म्या कशाला ठिवू? ही तर नळाची हाय. लाभाच्या नळाची. तुमीच तर दिली व्हती."

"हाव मामा, मीच दिली होती."

तिनं ती चिठ्ठी वहीत ठेवली. मग चाचांकडं निरोप धाडला, पट्टी आणि आरसा घेतला आणि पुन्हा नळाखाली शिरली. बेचाळीस अंगठे मोजायचे होते.

पाचला जीप आली. साहेब उंच, पिकल्या केसांचे, कमी बोलणारे. ते थेट विहिरीशी गेले, नव्या नळापुढं बसले आणि चिठ्ठी वाचली.

"हा एक नंबर?"

"नाही साहेब," पुनम म्हणाली. "आमच्याकडं एक नंबर नाही."

साहेबांनी वर पाहिलं. सगळे काठावर उभे होते. शिवगंगाबाई, सटवाजीमामा, माणिकप्पा सर, हरिओम. जिलानीचाचा आले होते, पण चार हात लांब उभे होते.

पुनमनं वही उघडून दिली. "पहिली ओळ वाचा."

"लाभ." साहेब म्हणाले. "म्हणजे? शुभ-लाभ? पानाच्या डोक्यावर लिहितात तसं?"

"ज्यानं हा नळ ठेवला त्यालाही तेच वाटलं. वाणी लोक वहीच्या वर शुभ-लाभ लिहितात, म्हणून हा पूजेचा शब्द. पहिल्या नळाला नुसता 'लाभ' बांधलेला दिसला. त्याला वाटलं, हे नारळाबरोबरचं काहीतरी आहे आणि ही माणसं एक नंबर लिहायला विसरली. एक नंबर मोकळा होता. तो त्यानं स्वतःच्या नळाला दिला. आणि ही चिठ्ठी सोडून कोनाड्यात, नारळाशी, नीट टेकवून ठेवली. शुभ शब्द आहे, मातीत टाकू नये म्हणून."

वाऱ्यानं खड्ड्यावरचा कापडी मांडव फडफडला.

"आमच्याकडं खळ्यावर पहिल्या मापाला लाभ म्हणतात, साहेब. लाभ, दोन, तीन. लाभ म्हणजेच एक. सटवाजीमामांनी तसं मोजलं, मी तसं लिहिलं. त्यांना तो पूजेचा शब्द वाटणं शक्य नाही. माणिकप्पा सर परीक्षेचे पेपरसुद्धा लाभपासून मोजतात, आज मी ऐकलं. जिलानीचाचा बरकत म्हणतात. शब्द वेगळा, रीत तीच. शिवगंगाबाई शनिवारी ही ओळ वाचून हसल्या होत्या."

"हसले होते," बाई म्हणाल्या. "उदगीरलाही असंच मोजतात."

"शिवाय हा नळ दोनशेला एकच्या उतारात बसवलाय. नुसत्या अंदाजानं हे जमत नाही. उताराचे आकडे तिघांकडं आहेत. बाईंकडं, माझ्याकडं," ती थांबली, "आणि ज्यानं ओळ कागदावर उतरवली त्याच्याकडं. आज दुपारी त्यानं माझ्या हातात ड्रॉइंगं मोजून दिली. एक, दोन, तीन, चार, पाच."

कुणी हरिओमकडं बघितलं नाही. म्हणूनच त्याला उभं राहवेना. तो काठावर खाली बसला.

"मला वर्ग देणार होते," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "नव्या इमारतीत गणिताचा वर्ग. सरांनी उन्हाळ्यात शब्द दिला होता. इमारत झाली नाही तर वर्गही नाही. मी कुणाचं काही नेलं नाही. एक नळ ठेवला फक्त."

माणिकप्पा सर त्याच्याकडं वळले. "शब्द मी दिला होता, खरं आहे. पण माझ्याकडं शिकवणारा माणूस आकडा खोटा लिहीत नसतो, हरिओम. उत्तर चुकलं तर चालतं. खोटं लिहिलेलं नाही."

पुनमनं लाभाची चिठ्ठी पुढं केली. "तू ही फेकली असतीस तर मला काही कळलंच नसतं."

हरिओमनं ती घेतली नाही. उठला, शेडमध्ये गेला, आणि काय केलं ते कागदावर लिहून, सही करून बाईंच्या हातात दिलं. पेन बोर्डवर ठेवून तो स्टँडकडं निघून गेला.

६

"हे झालं एका नळाचं," साहेब म्हणाले. त्यांनी आरसा मागून घेतला होता. "पण मुली, बाकीच्या बेचाळिसांनाही अंगठा आहे. आणि अंगठा ह्यांच्या घरची खूण आहे. मग ते ह्यांच्या आजोबांनी बसवले नसतील कशावरून?"

चार हात लांब उभे असलेले जिलानीचाचा अजून लांब सरकले.

"तीन गोष्टी आहेत," पुनम म्हणाली. "ओळीवर तीन जमिनी आहेत. खड्ड्याच्या भिंतीत दिसतात, एकीवर एक, चोपलेल्या, कुठंही न फोडलेल्या. सगळ्यात वरच्या जमिनीत सापडलेलं शेकडो वर्षांपूर्वीचं नाणं तुमच्या ऑफिसात पोचलंय. त्या न फोडता खाली नळ घालता येत नाही. दुसरी, विहिरीजवळचा चुरा. पिशवीत आहे. तिथं नळ होता आणि तो फुटला, म्हणजे जागा रिकामी होती. आणि तिसरी, मी अंगठे मोजले."

"मोजले म्हणजे?"

"रुंदी. बेचाळीस नळांवर दोन माणसांचे अंगठे आहेत. सव्वीसांवर एकवीस मिलिमीटरचा, सोळांवर अठराचा. ह्या नव्यावर चोवीसचा." ती वळली. "चाचा, इकडं या ना."

चाचा आले. खड्ड्यात उतरले. पुनमनं हौदाकडचा, अर्धवट मोकळा झालेला शेवटचा नळ दाखवला. त्याची खालची कड हाताला लागत होती. चाचांनी खाली वाकून, न बघता, बोट आत घातलं आणि अंगठा खळग्यावर ठेवला. तो बसला नाही. कडेला घासून बाहेर आला.

"माझा न्हाई," ते म्हणाले. "लई बारीक हाय. बाईचा आसल." त्यांनी पुन्हा एकदा अंगठा तिथं ठेवला, तसाच ठेवून बसले. "अंगठा खाली. चुन्यात. बराबर मधी. सगळ्यात आधी कुणी शिकवलं आसं बापाला इचारलं तर तो वर बोट दाखवायचा. मला वाटायचं, अल्ला म्हणून राहिलाय." ते हसले. "ह्यो खाली होता की रे."

पाय जपून टाकत साहेब ओळीच्या कडेनं हौदापर्यंत गेले आणि तसेच परत आले. मग त्यांनी शिवगंगाबाईंकडं कागद मागितला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवून सही केली. जागा राहिली.

"तीन मीटर पश्चिमेला सरकतो," माणिकप्पा सर म्हणाले. "माझ्या वसतिगृहाच्या अंगणात ही ओळ असणार. पोरांना उताराचा धडा शिकवायला मला आता फळा लागायचा न्हाई." बोलता बोलता त्यांची मोंढ्यातली भाषा वर आली होती आणि त्यांना ती लपवावीशी वाटली नाही.

"पर ह्यो काढला की मधी भोक हाय," सटवाजीमामा म्हणाले. "पाणी जायाचं कसं?"

विहिरीच्या तोंडाशी चाचांचा नळ अजून तसाच, अंगठा आभाळाकडं करून पडला होता. चाचांनी शिवगंगाबाईंकडं पाहिलं.

"काढून नीट बसवू का, बाई? चुन्यात. खोटा म्हणून न्हाई. दुरुस्ती म्हणून. वहीत माझं नाव लिवा, साल लिवा. म्हंजे पुढच्याला कळंल, कुठला जुना आणि कुठला जिलानीचा."

बाईंनी पुनमकडं पाहिलं. पुनमनं वही उघडली.

चुना मळायला दोन दिवस लागले, वाळायला बारा. पंधराव्या दिवशी सकाळी क्लासची पोरं खड्ड्याच्या भोवती उभी होती. सरांच्या हातात प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच होतं. हौदाच्या तोंडाशी सटवाजीमामा मोजपट्टी लावलेली बादली धरून बसले होते, आणि दर दोन मिनिटांनी ओरडून विचारत होते, "सोडलं का?" विहिरीशी चाचा घागर तिरकी करून थांबले होते.

"चाचा, सोडा," पुनम म्हणाली.

दुपारी तिनं नोंद पूर्ण केली. पहिल्या ओळीच्या वर एक ओळ मोकळी होती. तिथं लिहिलं: विहिरीकडील नळ, अंगठा खाली, चुन्यात, जिलानी, औसा, २००२. त्याखाली लाभ, आणि मग दोनपासून बेचाळीसपर्यंत सगळे तसेच ठेवले. शेवटी निकाल लिहिला.

एकूण नळ ४३. लांबी १४.१९ मीटर. उतार ७.१ सेंटिमीटर. विहिरीकडून ओतलेलं पाणी ४० लिटर. हौदात पहिला थेंब ५२ सेकंदांनी. हौदात भरलेलं पाणी ३७ लिटर.